कमरेचा पट्टा

रंगाऱ्याने कमरेला पट्टा बांधला आणि खाली फुटपाथवर उभी असलेली त्याची बायको घाबरली.

तो डबा घरीच विसरला होता, म्हणून ती आली होती. नवरा सहाव्या मजल्यावर परांचीच्या फळीवर उभा होता. त्याने पट्ट्याचा आकडा दोरीला अडकवला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला आणि मगच ब्रश उचलला. इतर रंगारी रोज हेच करत. हा करत नसे. बाप्तिस्मा घेतल्यापासून त्याने पट्ट्याला हात लावला नव्हता.

"माझा धरणारा वर आहे," असं तो म्हणायचा. मुकादम ओरडून ओरडून थकला. कामावरच्यांनी त्याचं नाव विश्वासराव ठेवलं. "काय विश्वासराव, वरून काही निरोप?" असं खालून कोणी विचारलं की तो फळीवरून ओरडायचा, "तुझीच चौकशी चालली होती!"

एकदा पायाखालची फळी सटकली. हाताला पाइप लागला म्हणून वाचला. पुढच्या रविवारी त्याने चर्चमध्ये मंडळीसमोर उभं राहून, देवानेच धरलं, अशी साक्ष दिली. बायका डोळे पुसत होत्या. त्या संध्याकाळी घरी चहा पिताना त्याच्या हातातला कप बशीवर खडखडत होता, ते फक्त तिने पाहिलं. थंडी वाजत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

ती विश्वासात आली ती त्याचं बोट धरून. बायबलच्या वचनांतलं तिला फारसं कळत नव्हतं. पण जो माणूस पट्ट्याशिवाय इतका उंच चढतो, त्याचा देव खोटा कसा असेल, एवढं कळत होतं. तो घरी येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागलेला असे. दाराशी चपला वाजल्या की भांड्यात पडे. तरी 'पट्टा बांधा हो' असं तिच्या तोंडून कधी निघालं नाही. तसं म्हणणं म्हणजे देवावर संशय घेणं.

आणि आज तो पट्टा बांधत होता.

गेल्या काही महिन्यांतलं एकेक तिला आठवू लागलं. जेवणाआधीची त्याची प्रार्थना पूर्वी ताटातलं गार होईपर्यंत चालायची, ती आता दोन वाक्यांत आटपत होती. साक्षीसाठी तो उठतच नव्हता. मागच्या बाकावर एका बहिऱ्या म्हातारीशेजारी बसून तिला गीताचं पान काढून द्यायचा. धर्मावरून ज्याने संबंध तोडला होता त्या थोरल्या भावाच्या घरी जाऊन दोन खोल्या रंगवून आला, पण तिथे प्रभूचं नावसुद्धा काढलं नाही. मुलीला ताप भरला तेव्हा आधी डॉक्टर गाठला. प्रार्थना केली ती दवाखान्याच्या रांगेत, तीही मनातल्या मनात. पूर्वीचा तो असता तर रात्रभर गुडघ्यांवर बसून अख्खी गल्ली जागी केली असती.

निखाऱ्यावर राख धरत चालली होती आणि तिला पत्ताच नव्हता.

वारा सुटला. परांची करकरली. त्याच्या शेजारची रंगाची बादली हेलकावे खाऊ लागली. एरवी अशा वेळी ती डोळे मिटून घ्यायची. आज तिने मिटले नाहीत. तो पडेल ही भीती आज नव्हती. तो आधीच पडलाय, ही भीती होती.

जेवणाची सुट्टी झाली. तो खाली आला, बोटं चिंधीला पुसत.

"अगं, एवढ्या उन्हात कशाला आलीस? मी खाल्लं असतं काहीतरी."

तिने डबा पुढे केला नाही. "मुकादमाने सक्ती केली का?"

"कसली?"

"पट्ट्याची."

"छे. मीच मागून घेतला. चार दिवस झाले."

"मग विश्वास उडाला का तुमचा?" तिचा आवाज चिरकला. जवळ जेवायला बसलेल्या दोघांनी माना वळवल्या. ती हळू आवाजात पण भडाभडा बोलू लागली. "खरं काय ते सांगा. मी तुमच्याकडे बघून पाण्यात उतरले होते. तुम्हीच काठावर येऊन बसलात, तर मी काय करू?"

तो हसला नाही, चिडलाही नाही. एक रिकामी बादली पालथी घालून त्याने तिला बसवलं आणि स्वतः समोर उकिडवा बसला. नखातला रंग खरवडत त्याने विचारलं,

"तुला काय वाटायचं, मला भीती वाटत नव्हती?"

"नव्हतीच वाटत. सगळ्यांना ठाऊक आहे."

"वाटायची. रोज वाटायची."

"पडायची?"

"पडायची नाही गं. वर कोणीच नसलं तर, याची." तो खाली बघतच बोलत होता. "खात्री व्हायची नाही. म्हणून पट्ट्याशिवाय तसाच चढायचो. संध्याकाळी धडधाकट उतरलो की म्हणायचो, चला, आज तरी तो आहे. सकाळ झाली की पुन्हा पहिल्यापासून. तुलासुद्धा सांगायची सोय नव्हती."

डबा तिने छातीशी घट्ट धरला होता. वाऱ्याने वरच्या फळ्या अजून हलत होत्या.

"आणि आता?" तिने विचारलं. "आता कशाला चढता?"

"आता?" तो म्हणाला. "रंग द्यायला."