पाहुण्यांचं पाणी

तुरेखानने रिकामा पियाला पुन्हा पुढे केला. झिबेकने उकळत्या पाण्याच्या समोवारची तोटी फिरवली, उंटिणीचं दूध घातलं आणि पियाला अदबीने परत दिला. बोलली काही नाही. कझाख घरात सासूसमोर आणि पाहुण्यासमोर सुनेने तोंड उघडायचं नसतं. काय बोलायचं ते तिच्या चहाने बोलावं.

"आपा, तुमच्या सुनेच्या हाताला चव आहे हो!"

ऊल्बोसिन आपांची मान ताठ झाली. "मीच शिकवलंय. आली तेव्हा गवती पाणी करायची."

तुरेखान पर्यावरण खात्याचा निरीक्षक. गावाजवळून तेलाची एक पाइपलाइन आधीच गेली होती. आता तिच्या शेजारून दुसरी, चांगली जाडजूड, टाकायची होती. पहिलीनेच विहीर नासवली, दुसरी नको, असं गावातले पुरुष सकाळी शाळेतल्या सभेत घसा फोडून सांगत होते. तुरेखान परत जाऊन आपलं मत कळवणार होता आणि त्यावरच सगळं ठरणार होतं.

"खरं सांगू का आपा?" तळलेल्या बौरसाकचा तुकडा तोंडात टाकत तो म्हणाला. "सभेत मी घाबरलोच होतो. पण हा चहा प्यालो आणि जीव भांड्यात पडला. पाणी नासलं असतं, तर असा चहा झाला असता? लोकांना राईचा पर्वत करायची सवयच असते. घालू द्या कंपनीला दुसरी लाइन."

झिबेकचा हात थबकला. समोवारात विहिरीचं पाणी नव्हतंच. तिच्या नवऱ्याने पहाटे मोटारसायकलवरून रेल्वे स्टेशनातून ते आणलं होतं. विहिरीच्या पाण्याला रॉकेलचा वास. असलं पाणी पाहुण्यापुढे कोण ठेवणार? गावातल्या घराघरात पाहुण्यांसाठी असा एक कॅन झाकून ठेवलेला असे. सकाळी पोटतिडकीने केलेली तक्रार गावाने दुपारी असा चहा पाजून स्वतःच खोटी पाडली होती.

तिने सासूकडे पाहिलं. सासूने डोळ्यांनीच दटावलं. अब्रूचा प्रश्न होता.

तेवढ्यात तिची चार वर्षांची लेक जानेल खेळून आत आली. दाराजवळच्या, विहिरीच्या पाण्याच्या बादलीत मग बुडवून ती घटाघटा पाणी प्यायली. झिबेक उठली. त्याच बादलीतलं पाणी तिने किटलीत घेतलं, उकळलं आणि नवा चहा केला. दूध तेच, पत्ती तीच.

तुरेखानने घोट घेतला आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. यजमानाच्या घरी घोट थुंकायचा नसतो. त्याने डोळे मिटून तो गिळला.

"हे काय आहे?"

"आमची विहीर," झिबेक म्हणाली. "आधीचं पाणी स्टेशनातलं होतं."

लग्न होऊन सहा वर्षं झाली, पण सासूसमोर ती पहिल्यांदाच पाहुण्याशी बोलली होती.

"अब्रू घालवलीस!" आपा कडाडल्या. "माझ्या दस्तरखानाशी, माझ्या पंगतीला बसलेल्या माणसाला हे पाजलंस? उद्या लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

तुरेखानने पियाला खाली ठेवला. "आपा, रागवू नका तिला. मला एवढंच सांगा, हे पाणी पितं कोण?"

आपा उत्तर द्यायला वळल्या आणि त्यांना जानेल दिसली. पोरगी मग दोन्ही हातांत धरून राहिलेलं पाणी पीत होती. आपा गुडघ्यावर हात टेकून उठल्या, नातीच्या हातातला मग काढून घेतला, दाराबाहेर रिकामा केला आणि कोपऱ्यातल्या कॅनमधून काठोकाठ भरून तिच्या ओठांना लावला.

"लेक माहेरी पाहुणीच असते, असं आपल्यात म्हणतात ना, साहेब?" त्या म्हणाल्या. "सूनबाई, स्टेशनातलं पाणी आजपासून या पाहुणीचं. साहेबांना विहिरीचाच चहा दे."