ओसाकाचं गिऱ्हाईक

‘देशाला परकीय चलन मिळवून देणे हे प्रत्येक सुशिक्षित तरुणाचे आद्य कर्तव्य आहे,’ असं रामनाथने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. वही तीन वर्षं जुनी होती, कारण मुंबईच्या कॉलेजात तो शेवटच्या वर्षाला दोनदा नापास झाला होता.

दोन्ही वेळा एकाच विषयात. आंतरराष्ट्रीय व्यापाराचं प्रात्यक्षिक. आपल्या भागातला माल घ्यायचा, परदेशातलं खरं गिऱ्हाईक शोधायचं आणि ऑर्डरचं पत्र प्राध्यापकांपुढे ठेवायचं. भाईंदरला रामनाथच्या वडिलांचं मिठागर होतं, त्यामुळे मालाचा प्रश्न नव्हता.

वडील अमृतशेठ यांनी सरळ सांगितलं होतं, “ह्या होळीपर्यंत ऑर्डर आली तर परीक्षेला बस. न्हाय आली तर कॉलेज बंद. मिठागरात उभं राहायचं, बाकीच्यांसारखं.”

रामनाथने ‘अमृत अँड सन्स, एक्स्पोर्टर्स’ असे कागद छापून घेतले आणि अकरा देशांना पत्रं धाडली. जपानमधल्या ओसाकाहून एकाचं उत्तर आलं. कोणी नाकामुरा.

नाकामुराला मिठात फार रस होता. खडा किती मोठा? पाणी आत कधी घेता? बांध कोण घालतं? एकेका पत्रात वीस-वीस प्रश्न, ओळीने आकडे घातलेले.

“एवढं तर मला सोयरिकीच्या वेळी तुझ्या आजानं न्हाय विचारलं,” अमृतशेठ बायकोला, जिजाबाईंना म्हणाले.

“माझ्या आजाला मीठ विकायचं नव्हतं,” जिजाबाई म्हणाल्या.

जानेवारीत नाकामुराने मालकाचा फोटो मागितला. जिजाबाईंनी नवऱ्याला लग्नातला कोट घालायला लावला. भर उन्हात, मिठाच्या राशीपुढे अमृतशेठ कोटाची बटणं लावून उभे राहिले. मजूर धाकू फावडं टेकून बघत बसला.

पंधरवड्याने उत्तर आलं. फोटो उत्तम. कृपया पुन्हा काढावा, कामाच्या कपड्यांत, हातात अवजार घेऊन.

पुन्हा काढला. मग बाजूने हवा होता.

“शेठ, आता पाठीकडून मागंल,” धाकू म्हणाला.

“तू गप ऱ्हा. काय रं रामनाथ, हा गिऱ्हाईक हाय ना? मग भाव कसा न्हाय विचारत?”

“बाबा, आंतरराष्ट्रीय व्यापारात भाव सगळ्यात शेवटी येतो. आधी विश्वास.”

“आमच्याकडं तर ट्रकवाला पयला भाव विचारतो.”

“तो लोकल व्यापार झाला.”

अमृतशेठनी कपाळावर हात मारून घेतला आणि बाजूने उभे राहिले.

होळीच्या आदल्या दिवशी दुपारी जाड पाकीट आलं. अमृतशेठ मिठागरातून तसेच आले, पायांना चिखल. जिजाबाई पुरण वाटता वाटता थांबल्या. रामनाथने पाकीट फोडलं.

“मराठीत सांग,” अमृतशेठ म्हणाले.

“‘आदरणीय अमृत अँड सन्स. आपण पाठवलेली सगळी माहिती मिळाली. आमच्याकडे ती सर्वांना अतिशय पसंत पडली.’”

“बघ!” जिजाबाई म्हणाल्या. “आणि तुम्ही पोराच्या मागं लागलेलात.”

“किती टन?” अमृतशेठनी विचारलं.

रामनाथ पुढचं मनातल्या मनात वाचत होता.

“अरं, मोठ्यानं वाच की. किती टन?”

“‘मी नऊ देशांतल्या मीठवाल्यांना लिहिलं होतं,’” रामनाथ सावकाश वाचू लागला. “‘माझ्या प्रश्नांना उत्तरं फक्त आपण दिलीत. आपले उपकार विसरणार नाही. आपल्यामुळे मी पहिल्या वर्गात पास झालो.’”

खाली सही होती. सहीखाली टाइप केलं होतं: आंतरराष्ट्रीय व्यापार, शेवटचं वर्ष.