तांडेलाने दाखवलेली वाट

उरणच्या नजमुद्दीन तांडेलाने चाळीस वर्षं गलबत चालवलं होतं, पण जुहूला टपालाच्या विमानात बसताच तो उठून दाराकडे वळला. गोव्यात दिलेली लेक तैयबा बाळंतपणात अत्यवस्थ होती आणि गलबताने तीन दिवस लागले असते. “मला उतरू द्या. पाण्यात पडलो तर पोहेन, आभाळातून पडलो तर काय करू?” दर आठवड्याला हीच फेरी करणाऱ्या वैमानिकाने मांडीवरचा नकाशा लपवला. “तांडेल, या किनाऱ्यावर मी नवखा आहे. खाडी दिसली की नाव सांगाल?” विमान उडालं. “करंजा,” नजमुद्दीन पुटपुटला. मग रेवदंडा, राजपुरी. बाणकोटला तो खिडकीला नाक लावून ओरडला, “पुढं खडक हाय, बाहेरून घ्या.” वैमानिकाने विमान समुद्राकडे वळवलं. दुपारी इस्पितळात तैयबाने डोळे उघडले. “अब्बा, इतक्या लवकर?” “विमानवाल्याला वाट ठाऊक नव्हती. मी होतो म्हणून पोचला.”