सहभागी क्रमांक सतरा

उपासनाच्या प्रबंधासाठी निपाणीतल्या वीस विडीकामगार आयांनी मुलाखती दिल्या होत्या. त्यात तिची स्वतःची आई तानीबाईही होती. संमतीपत्रावर अंगठा उठवायचा नाही म्हणून ती महिनाभर पाटीवर फक्त आपलं नाव गिरवत होती. आज बेळगावच्या चर्चासत्रात ठेवणीतली पांढरी साडी नेसून ती मागं बसली, नाव कधी पुकारतात याची वाट बघत. पण संशोधनात नावं झाकायची असतात. "सहभागी क्रमांक सतरा म्हणतात, 'माझी शाळा तंबाखूत गेली, पोरीची जाऊ दिली न्हाय,'" उपासनानं वाचलं. आईकडं बघायचा धीर तिला झाला नाही. चहाच्या सुट्टीत ती धावत दाराशी गेली. तानीबाई हजेरीपत्रकावर, प्राध्यापकांच्या सह्यांखाली, जीभ दातांत धरून नाव लिहीत होती. "पुढं पद लिहा, मावशी," टेबलामागची मुलगी म्हणाली. तानीबाईनं हसून लेकीकडं पाहिलं. "सतरा कसं लिवायचं गं?"