भुरीचे दहा दिवस

माणसं अंगणात आली तेव्हा प्रमिलाबाई लांबूनच तांब्याने कुत्रीखालचं पोतं भिजवत होती. चौघं होते. पुढे तानबा, हातात बैलगाडीची उभारी, जाड लाकडी दांडकं.

घरात दुसरं कोणी नव्हतं. तिचे यजमान बबनराव सकाळच्या एसटीने लेकीला, नलूला घेऊन वर्ध्याला गेले होते, पोटातल्या सातव्या सुईसाठी. सहा वर्षांची नलू आता एसटी लांबून दिसली तरी रडायला लागायची.

तानबाने आवाज चढवला नाही. गावाचं ठरलं आहे, एवढंच सांगितलं. तीन आठवड्यांमागे एक पिसाळलेलं कुत्रं आंजी गावात शिरलं होतं. त्याने चावलेला चंद्रभानचा गोऱ्हा परवा फेस गाळत मेला. तेच कुत्रं या भुरीशीही झोंबलं होतं, आणि गेल्या आठवड्यात भुरीने नलूच्या गालाला दात लावले. आता वाट कशाची पाहायची?

भुरी खांबाला साखळीने बांधलेली होती. दोन वर्षांपूर्वी बबनरावांनी तिला वर्धा स्टेशनच्या क्वार्टरमधून आणलं होतं. तिथल्या हिरालाल गार्डकडे पॉमेरियनची चार पिल्लं होती. तीन एकमेकांवर उड्या मारत होती. चौथं सरळ येऊन नलूच्या फ्रॉकवर झोपलं. पोरीने तेच उचललं. हिरालालने बजावलं होतं, हे थंड हवेचं जनावर आहे, रोज विंचरायचं, केस भादरायचे नाहीत, उन्हाळ्यात बसायची जागा ओली ठेवायची. त्या पांढऱ्या झुबक्याला गाव हसलं होतं. प्रमिलाबाईलाही ती कधी आवडली नाही. घरभर केस होतात म्हणून तिने दोन वर्षं कुरकुर केली. आणि आता सात दिवस तीच प्रमिलाबाई या खांबापासून हलली नव्हती.

चौघांतल्या चंद्रभानने बोट दाखवलं. भुरीची जीभ बाहेर लोंबत होती. पोत्यावर लाळ ठिबकत होती.

"ऊन हाय, भाऊ," प्रमिलाबाई म्हणाली. "केस पाहा न तिच्या अंगावर किती हाये."

सकाळपासून कुत्रीने काही खाल्लं का, असं त्याने विचारलं. तिला खोटं बोलता आलं नाही. तिने नकारार्थी मान हलवली. मग पाणी दाखवा, चंद्रभान म्हणाला, पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं. तिने काठीने पाण्याचं घमेलं पुढे सरकवलं. भुरीने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

तानबाने उभारी सावरली आणि प्रमिलाबाईला घरात जायला सांगितलं.

साखळी किती लांब आहे, हे प्रमिलाबाईला ठाऊक होतं. तरी ती साखळीच्या आत गेली आणि कुत्रीकडे पाठ करून उभी राहिली.

"डॉक्टर म्हनते, चावल्यापासून कुत्रं दहा दिस नीट राह्यलं त पोरीले धोका नाई. सुया बंद. तुमी आज तिले मारसान, मंग मले कसं समजन? जलमभर नलूच्या तोंडाकडे पाहत राहू का मी? पानी पेली का, उजेडाले भेली का? तीन दिस द्या मले. मंग मीच हाक मारीन तुमाले."

मागे साखळी वाजली. तिने वळून पाहिलं नाही.

तानबाची उभारी हळूहळू खाली आली.

"अन् ज्यानं चावलं, ते कुत्रं मेलं असन त?"

"कोनतं कुत्रं?"

"तेच. पिसाळलेलं. त्यानं आमच्या सखूच्या पायाले दात लावला होता. मी त्याले तिथंच ठेचलं."

ते कुत्रं मारलं म्हणून गावाने तानबाला शाबासकी दिली होती. पोरीचं मात्र त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. जखमेत तिखट भरलं, फडकं बांधलं. चार दिवसांत खपली धरली, तसा तो विसरला.

प्रमिलाबाईने विचारलं, किती दिवस झाले.

"एकवीस."

चंद्रभानने डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला.

"आता पाहाले कुत्रंच नाई, भाऊ," ती म्हणाली. "साऱ्या सुया घ्या लागन. आजच न्या तिले. आत्ता."

"उशीर त नाई झाला न, वैनी?"

तिला माहीत नव्हतं. नाही म्हणावं असं तिला फार वाटलं.

"जा तुमी," ती म्हणाली.

तो गेला. बाकीचे तिघं थोडा वेळ उभे राहिले आणि तेही गेले.

मग ती साखळीच्या बाहेर आली. ती ओट्यावर टेकली. तेव्हा तिला मागून चपचप ऐकू आली. भुरीचं तोंड घमेल्यात होतं. चार घोट पिऊन ती पुन्हा ओल्या पोत्यावर आडवी झाली. अजून तीन दिवस होते.

प्रमिलाबाई उठून दाराशी आली. समोर सडकेवर तानबा उभा होता. खांद्यावर चार वर्षांची सखू होती. एवढ्या घाईतही कोणीतरी तिला नवा फ्रॉक घातला होता, आणि ती त्याच्या कानाशी काहीबाही बोलत होती.

एसटीला अजून तासभर होता. कडुलिंबाची सावली चार पावलांवर होती. तो उन्हातच, सडकेच्या मधोमध उभा होता.