कसून आवळ

कॉलेजच्या रोबोटिक्स टीममध्ये शिरायचं तर नव्या मुलांनी सुट्टीत सरावाचा रोबोट बनवायचा. जो रोबोट रॅम्पवर चढवेल, तो टीममध्ये. पण कॅप्टन दीप्ती ऐनवेळी शेजारशेजारच्या टेबलांवरच्या रोबोटांची अदलाबदल करते, ही आतली खबर निमेशला मुलुंड स्टेशनबाहेर एका सीनियरने दिली.

मग निमेशने अगदी जीव ओतून चाक असं बसवलं, की अर्ध्या रॅम्पवर ते निखळलंच पाहिजे. शेजारच्या टेबलावर प्रांजल इमानदारीत एकेक स्क्रू आवळत होती.

"कसून आवळ गं," निमेश म्हणाला.

शेवटच्या दिवशी दीप्ती आली, तिने सगळे रोबोट बघून घेतले.

 

"मागच्या वर्षी सगळ्यांनी भंगारच बनवलं, म्हणून यंदा अदलाबदल बंद. चल निमेश, पहिला तू."