ढाबेवाल्याच्या बायकोचं उत्तर

“ढाबा मी इकला. कावून इकला म्हणशील, तर...”

रेवणप्पा इथपर्यंत आले आणि अडकले. पुढचं वाक्य गेलं ते गेलंच.

समोर अडीचशे माणसं बसली होती. जहाज मुंबईहून निघाल्याला तिसरा दिवस. पायाखालचा रंगमंच हलकेच कलायचा, पुन्हा सरळ व्हायचा.

नाट्यसफर होती ती. सकाळी नटांकडून अभिनयाचे धडे, दुपारी नाटकवाल्यांशी गप्पा, संध्याकाळी नाटक. शेवटच्या संध्याकाळी मात्र प्रवाशांनीच रंगमंचावर यायचं, आणि ती संध्याकाळ आजची. रेवणप्पांचं परळीत खताचं दुकान. एका ढाबेवाल्यावरच्या त्यांच्या ‘मुक्काम मांजरसुंबा’ नाटकाला स्पर्धेत पहिला नंबर मिळाला आणि बक्षीस म्हणून ही सफर. निमंत्रणावर छापलं होतं: लेखक, दिग्दर्शक, अभिनेते रेवणप्पा, सपत्नीक.

सपत्नीक म्हणजे शांतादेवी. गेली तीस वर्षं त्या विंगेत उभ्या राहून नवऱ्याला वाक्यं पुरवत आल्या. जहाजावर पहिले दोन दिवस त्यांना बोट लागली होती. लिंबू हुंगत त्या प्रत्येक कार्यक्रमाला बसल्या, एकही चुकवला नाही. आज त्या तिसऱ्या रांगेत होत्या.

कालच्या गप्पांत सफर चालवणाऱ्या दिग्दर्शिका सत्यशीलाबाईंनी विचारलं होतं, “अप्पा, तुमच्या ढाबेवाल्याची बायको सबंध नाटकभर भाकऱ्याच थापते. नवरा तिला न विचारता ढाबा विकतो, तरी तिला एक वाक्य नाही?”

“तिचं गप बसणंच लई बोलतं, बाई,” रेवणप्पा म्हणाले. टाळ्या पडल्या.

सत्यशीलाबाईंनी मग शांतादेवींकडे पाहिलं. “तुम्हाला काय वाटतं?”

“तिला काय कळतंय त्यातलं,” रेवणप्पांनीच उत्तर दिलं. लोक हसले. शांतादेवी खिडकीतून पाण्याकडे बघत राहिल्या.

आता रेवणप्पा तिसऱ्या रांगेकडे बघत होते. ओठ जरा जरी हलले असते तरी त्यांचं भागलं असतं. शांतादेवींचे ओठ हलले नाहीत. त्या उठल्या, पदर खोचला आणि डुगडुगत्या पायऱ्यांचा कठडा धरून रंगमंचावर गेल्या. नवऱ्यासमोर मांडी घालून बसल्या. दोन्ही हात भाकरी थापू लागले. थापता थापता त्या बोलल्या.

“बोर्ड तुमच्या नावाचा लावला, मी काय म्हणले न्हाई. गिऱ्हाईक म्हणायचं, मालकाच्या हाताला लई चव हाय. तुमी मिशीला पीळ द्यायचे. मी चुलीपाशी ऐकायचे अन् थापायचे. इकायच्या वक्ताला तरी एकदा इचारायचं व्हतं. इका, ढाबा तुमच्या नावावर हाय. हात माझे हायेत. ते घेऊन मी चालले.”

त्या उठल्या. हाताला नसलेलं पीठ त्यांनी झटकलं.

सगळं थिएटर उभं राहिलं. पुढच्या रांगेतला एक म्हातारा नट डोळे पुसत टाळ्या वाजवत होता. रेवणप्पा हात जोडून वाकले. वाकताना बायकोच्या कानाशी पुटपुटले, “बास झालं. चल खाली. परळीत तोंड दाखवायचंय मला.”

शांतादेवी हलल्या नाहीत.

सत्यशीलाबाई माईक घेऊन जवळजवळ पळतच वर आल्या. “अप्पा, हे तुमच्या संहितेत नाही!”

“व्हतं आधी,” रेवणप्पांनी घसा खाकरला. “लांबत व्हतं, म्हणून काढलं.”

“इतकं चांगलं लिहिलेलं काढून टाकलंत? कसं सुचलं तुम्हाला हे? एका बाईच्या मनातलं इतकं नेमकं?” त्यांनी माईक रेवणप्पांच्या तोंडापुढे धरला.

रेवणप्पांनी तोंड उघडलं. पुढचं वाक्य मागायला त्यांनी सवयीनं बायकोकडे पाहिलं.

शांतादेवींनी सत्यशीलाबाईंच्या हातातून माईक काढून घेतला. असली वस्तू त्यांनी जन्मात पहिल्यांदा धरली होती. आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

“त्यांना कावून इचारता, बाई? हे नाटक मी लिहिलंय. ह्याच्या आधीची सहा बी.”